ट्वेटांच्या टाकीत बाटलीभर रंग

त्या शनिवारी घर बघायला जाताना माझ्या कोटाच्या खिशात केकमध्ये घालायच्या लाल रंगाची बाटली होती, आणि ती तिथे होती याचं कारण एवढंच की आदल्या सोमवारी मी माझ्या मेहुण्याला "नको" म्हणालो होतो.

आता "नको" म्हणण्यात काही गैर नाही. आमच्या भागात (मिनेसोटाच्या अगदी वरच्या अंगाला, जिथे बायबलच्या खालोखाल हवामानाचा अंदाज वाचतात) कुणी काही देऊ केलं, की पहिल्यांदा "नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "नको नको, कशाला उगीच त्रास" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, अगदी थोडंसं" म्हणून घ्यायचं, अशी रीत आहे. पहिल्याच फटक्यात हो म्हणणाऱ्याला लोक हावरट समजतात. माझे वडील एकदा मासे धरताना बर्फ फुटून तळ्यात पडले होते. काठावरून दोर टाकला तेव्हा तेसुद्धा पहिल्यांदा "राहू द्या, होईल माझं मी" म्हणाले होते, आणि गावात अजून ते कौतुकाने सांगतात.

सगळ्या हालव्हर लेक गावात ही रीत न पाळणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ डॅरल. तो प्लंबर आहे. वर्षानुवर्षं लोकांच्या सिंकखाली आडवं पडून त्याची सगळी रीतभात गळून गेली असावी. सोमवारी त्याचा फोन आला.

"व्हर्लिन, ट्वेटांचं घर घेताय ना? जुनं घर आहे. येऊन नळ-पाइप तपासून देऊ का?"

"नको रे, कशाला तुला त्रास."

"बरं," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी फोन हातात धरून दहा मिनिटं उभा होतो. दुसऱ्यांदा विचारायला तो परत फोन करेल असं मला खरंच वाटत होतं. (तो तेव्हा जेवायला बसला होता, हे नंतर कळलं.)

"डॅरल काय म्हणत होता?" जनेलने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

आता मला त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही हे सांगायला लाज वाटली. मी म्हणालो, "पाइप तपासू का विचारत होता. मीच नको म्हटलं. त्यात काय आहे? मी तपासतो."

"तू?"

"मी."

जनेल बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी कौंटीच्या कचेरीत मासेमारीच्या लायसन्सच्या खिडकीवर बसतो. गेल्या अकरा वर्षांत मी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली एकमेव वस्तू म्हणजे स्टेपलर, आणि तोही दुसऱ्या दिवशी बदलावा लागला.

पण ते घर काय होतं ते सांगितल्याशिवाय तिचं ते बघणं तुम्हाला समजायचं नाही. आम्ही सहा वर्षं गळाचं आमिष विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली जिवंत गांडुळं, अळ्या आणि बोटभर मासे. उन्हाळ्यात तो वास जिना चढून यायचा आणि घरच्यासारखा राहायचा. चार घरं आमच्या हातची गेली होती, चारही वेळा कुणीतरी आमच्या आधी पोचलं होतं. पाचवं हे. ऑर्विन आणि आर्डिस ट्वेट, दोघंही सत्तरी ओलांडलेली, मुलीच्या जवळ राहायला शहरात निघाली होती. दारावर पाटी लावली नव्हती की कुठे जाहिरात दिली नव्हती. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना आर्डिसबाई जनेलला सहज म्हणाल्या होत्या, "आमचं घर तुमच्यासारख्यांकडे गेलं तर बरं वाटेल." कागद पुढच्या शुक्रवारी व्हायचे होते. तोवर सगळा व्यवहार शब्दावर होता. जनेलने स्वयंपाकघरातल्या खिडकीचं माप डोळ्यांनीच घेतलं होतं आणि पडद्याचं पिवळं कापड आणून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं होतं. ते ती आमच्या घरात आणत नव्हती, कारण त्याला गांडुळांचा वास लागला असता.

म्हणून मी ठरवलं की पाइप तर तपासायचे, पण ट्वेटांना कळू द्यायचं नाही. ज्यांनी इतक्या मायेने घर देऊ केलं त्यांना "तुमचा संडास गळतो का?" असं तोंडावर कसं विचारणार? आमच्याकडे शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी आधी हवेची चौकशी करतात. मंगळवारपासून मी रोज संध्याकाळी कानात इअरफोनचे बोळे घालून पाइपांच्या गळतीचे व्हिडिओ बघू लागलो. त्यातून दोन युक्त्या मिळाल्या. पहिली मीटरची. घरातलं सगळं पाणी बंद करायचं आणि तळघरातल्या मीटरवर जी चिमुकली लाल चांदणी असते तिच्याकडे बघत राहायचं. ती हलली म्हणजे कुठेतरी गळतंय. दुसरी युक्ती संडासाची. वरच्या टाकीत खायच्या रंगाचे दहा थेंब टाकायचे, वीस मिनिटं कुणी फ्लश करायचं नाही, आणि खाली भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबरी झाकण गेलं असं समजायचं. निळा रंग घ्या, असं व्हिडिओतला माणूस दोनदा म्हणाला होता. पण ईस्टरची अंडी रंगवण्यात गावातला निळा, हिरवा आणि पिवळा रंग संपला होता. उरला होता तो लाल.

शनिवारी दुपारी दोन वाजता आम्ही ट्वेटांकडे पोचलो. आर्डिसबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. माझ्यासमोरच फ्रिज होता. त्यावर नातवंडांचे फोटो, चर्चचं कॅलेंडर आणि माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली अडकवलेला एक कागद. मी या फ्रिजकडे त्या दुपारी निदान तासभर बघत होतो, एवढं लक्षात ठेवा.

"कॉफी घेणार ना?" आर्डिसबाई म्हणाल्या.

"नको," मी म्हणालो, आणि मग मला आठवलं की आपल्याला पाणी बंद हवं आहे. म्हणून जरा जोर देऊन म्हणालो, "खरंच नको. ऑर्विन, मला तुमचं तळघर बघायचं होतं."

तळघरात कोपऱ्यात मीटर होतं आणि त्याच्या शेजारी ऑर्विनचा माशांचा फ्रीझर. ऑर्विन उंच, हाडापेराने मोठे आणि दिवसाला पंधरा शब्द बोलणारे गृहस्थ. पण त्यांनी फ्रीझरचं झाकण उघडलं आणि त्यांची वाणी मोकळी झाली. हा वॉलआय मासा मी कुठे धरला, हा कसा धरला, आणि या इथल्या मोकळ्या जागेत जो असायला हवा होता तो कसा सुटला. मी "हो का, वा" म्हणत तिरप्या डोळ्याने चांदणीकडे बघत होतो. चांदणी गप्प होती. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती फिरायला लागली. नुसती फिरली नाही, गरगरली.

मी वर धावलो. आर्डिसबाई नळाखाली कॉफीचं भांडं भरत होत्या.

"सकाळची शिळी होती," त्या म्हणाल्या. "तू नको म्हणालास तेव्हाच माझ्या लक्षात आलं. ताजी करते."

"नको नको, कशाला उगीच त्रास," मी कळवळून म्हणालो. माझं सगळं चित्त पाणी बंद व्हावं यात होतं. पण आमच्याकडे हे वाक्य कळवळून म्हटलं की त्याचा अर्थ एवढाच होतो की माणसाला कॉफीसोबत खायलाही हवं आहे.

"खजुराच्या वड्याही काढते," त्या म्हणाल्या.

मी ऑर्विनना म्हणालो, "मासे परत बघू या का?"

ऑर्विन थांबले. त्यांचे मासे दुसऱ्यांदा बघायला आजवर कुणी मागितलं नव्हतं. आम्ही खाली गेलो. पाच मिनिटं चांदणी शांत, मग पुन्हा गरगर. वर आलो तर आर्डिसबाई कपाटातले चांगले कप काढून धूत होत्या, कारण मी दोनदा नको म्हटल्यामुळे त्यांना वाटलं होतं की रोजचे कप मला पसंत नाहीत. मी म्हणालो, "आर्डिसबाई, खरंच काही करू नका." त्यांनी लगेच बशाही धुवायला घेतल्या.

तिसऱ्यांदा मी मासे बघायला खाली गेलो तेव्हा ऑर्विनच्या डोळ्यांत पाणी होतं. चांदणी अर्थातच फिरत होती. जनेलने जिन्याच्या तोंडाशी येऊन मला खालच्या आवाजात विचारलं, "तुला बरं वाटत नाहीये का?"

मीटरची युक्ती फसली. उरला होता संडास.

बाथरूम फारच नीटनेटकं होतं. भिंतीवर पाहुण्यांचे तीन पांढरे टॉवेल, त्यावर आर्डिसबाईंनी स्वतः भरलेले निळे पक्षी. असे टॉवेल आमच्याकडे प्रत्येक घरी असतात. ते पाहुण्यांसाठी असतात आणि पाहुण्यांनी ते वापरायचे नसतात. सगळे जण हात पँटला पुसतात. मी टाकीचं झाकण उचलून बाजूला ठेवलं, बाटली काढली आणि मोजायला लागलो. एक थेंब, दोन थेंब. तिसऱ्या थेंबाला बाटलीचं टोपण निघालं, आणि टोपणापाठोपाठ बाटलीही माझ्या हातातून सुटून टाकीत गेली.

मी हात घालून ती बाहेर काढली. ती रिकामी होती. माझा उजवा हात मनगटापर्यंत लाल झाला होता, आणि तो डाव्या हाताने पुसायला गेलो तर डावाही झाला. साबणाने काही फरक पडला नाही. बाहेरून जनेलने हाक मारली तेव्हा घाबरून मी हात पँटला पुसायला गेलो, मग आठवलं की पँट फिकट रंगाची आहे, आणि काय करतोय हे कळायच्या आत समोरचा टॉवेल ओढला. निळ्या पक्ष्यांच्या दोन बाजूंना माझ्या दोन लाल पंजांचे ठसे स्वच्छ उमटले. मी तो टॉवेल उलटा घडी करून बाकीच्या दोन्हींच्या मागे लावला, कोटाच्या खिशातले लोकरी हातमोजे घातले आणि बाहेर येऊन कॉफीला बसलो.

"हातमोजे?" जनेल म्हणाली.

"हात गार पडतात हल्ली."

आर्डिसबाई उठल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या बटणाने घर तापवलं. पाच मिनिटांत मला घाम फुटला. लोकरी हातमोज्यांनी खजुराची वडी खाऊन बघा कधी. वडीचा निम्मा भाग हातमोजाच खातो. जनेल टेबलाखालून मला लाथा मारत होती आणि मी घड्याळाकडे बघत होतो. वीस मिनिटांपैकी बारा झाली होती. तेवढ्यात ऑर्विन उठले.

"ऑर्विन, बसा ना," मी म्हणालो.

"आलोच."

"तो सुटलेला मासा केवढा होता, ते सांगितलंच नाही तुम्ही."

ऑर्विन क्षणभर घुटमळले. त्यांची फार इच्छा होती. पण वय वय असतं. "आल्यावर सांगतो," म्हणाले आणि बाथरूममध्ये गेले.

आधी शांतता. मग फ्लशचा आवाज. मग जरा वेळाने पुन्हा फ्लश. मग बराच वेळ काही नाही. मग तिसरा फ्लश. मी वडी खाली ठेवली.

ऑर्विन बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा टेबलक्लॉथसारखा पांढरा पडला होता. ते खुर्चीवर बसले आणि खिडकीतून तळ्याकडे बघू लागले. एप्रिलचा दुसरा आठवडा होता आणि काठाचा बर्फ काळा पडायला लागला होता.

"बरं आहे ना?" आर्डिसबाईंनी विचारलं.

"वाईट नाही," ऑर्विन म्हणाले. (आमच्याकडे लॉटरी लागलेला माणूस आणि कोसळलेल्या झाडाखाली सापडलेला माणूस, दोघेही एवढंच म्हणतात.) मग ते माझ्याकडे वळले. "व्हर्लिन, तुझ्याकडे बर्फात भोक पाडायचं गिरमिट आहे?"

"नाही."

"माझं घेऊन जा."

आर्डिसबाईंनी हातातला कप बशीत ठेवला. त्यांच्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली होती आणि ऑर्विननी सख्ख्या भावालासुद्धा त्या गिरमिटाला एकदाही हात लावू दिला नव्हता.

"आर्डिस," ऑर्विन सावकाश म्हणाले, "मी विचार केला. आपण शहरात जायला नको. मला इथेच राहू दे. थोडे दिवस तर थोडे दिवस. माणसाला शेवटी आपलं तळं दिसावं." आणि जनेलकडे न बघता म्हणाले, "मला माफ कर पोरी."

जनेलने मान हलवली. "हो," ती म्हणाली. "बरोबरच आहे. घर शेवटी आपलं घर असतं." तिने ते अगदी नीट, रीतीप्रमाणे म्हटलं. पण तिची नजर त्या स्वयंपाकघरातल्या खिडकीवर होती, आणि मला माहीत होतं की बाहेर गाडीत मागच्या सीटवर पिवळं कापड ठेवलेलं आहे. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. सहा वर्षं तिने गांडुळांच्या डोक्यावर संसार केला, एकदाही तक्रार केली नाही, आणि तिच्या हातातोंडाशी आलेलं घर मी केकच्या रंगात बुडवलं होतं.

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. "यंदा बर्फ लवकर जाईल असं दिसतंय," मी म्हणालो. (सुरुवात अशीच करावी लागते.)

"गिरमिट गॅरेजमध्ये आहे," ऑर्विन म्हणाले. "चल, काढायला मदत कर."

गॅरेजमध्ये त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आर्डिसला सांगू नकोस. तू शांत माणूस आहेस आणि माझे मासे तीनदा बघितलेस, म्हणून तुला सांगतो. मी मरतोय."

"ऑर्विन..."

"आत गेलो, उभा राहिलो, खाली बघितलं तर सगळं लाल. लाल म्हणजे बिटाच्या रसासारखं. फ्लश केलं तर आणखी लाल. परत केलं, तरी लालच. माझ्यात आता काही उरलं असेल असं वाटत नाही."

"ऑर्विन, ते... म्हणजे वारा उत्तरेकडून असला की..."

"दुखत नाही, हीच वाईट खूण. माझ्या मामालाही दुखलं नव्हतं." त्यांनी गिरमिट माझ्या हातात दिलं. "पात्यांना वर्षातून एकदा तेल दे."

मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा बर्फाबद्दल बोललो, दुसऱ्यांदा पावसाबद्दल आणि तिसऱ्यांदा त्यांना विचारलं की त्यांनी कधी घरी केक केला आहे का. ऑर्विननी माझ्याकडे दयेने बघितलं. दुःखाने माझ्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं असावं.

आम्ही स्वयंपाकघरात परत आलो तर माझ्या बशीशेजारी पट्ट्या, कापूस आणि जंतुनाशकाची बाटली ओळीने मांडून ठेवली होती. आर्डिसबाई त्यांच्या बाजूला उभ्या होत्या. मधल्या काळात त्या बाथरूममध्ये जाऊन आल्या होत्या आणि त्यांना टॉवेल सापडला होता.

"व्हर्लिन," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुणाला काही लागलं असेल तर हे इथे आहे. म्हणजे, लागलंच असेल असं नाही."

आता काही इलाज उरला नव्हता. मी हातमोजे काढले.

माझे दोन्ही लाल हात टेबलावर होते. आर्डिसबाई कापूस घेऊन पुढे आल्या. आणि ऑर्विननी माझ्या हातांकडे बघून अतिशय हळू आवाजात विचारलं, "तुलाही तेच झालंय?"

"रंग आहे," मी म्हणालो. "केकचा रंग. तुमच्या संडासाच्या टाकीत मी बाटलीभर रंग टाकला. ती गळते का बघायला. ऑर्विन, तुम्हाला काही झालेलं नाही. तुमचा टॉवेलही मीच खराब केला. मासे बघायला आलो नव्हतो, मीटर बघायला आलो होतो. जनेलला यातलं काही माहीत नाही, तिच्यावर राग धरू नका."

हवेचा विषय न काढता मी सलग इतकी वाक्यं आयुष्यात पहिल्यांदा बोललो होतो. ऑर्विनच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत येत होता. ते म्हणाले, "मग? गळते ना?"

"गळते."

"वाईट नाही," ऑर्विन म्हणाले. यावेळी मात्र त्यात लॉटरी होती.

"गळते हे सगळ्यांना माहीत आहे," जनेल म्हणाली. तिने डोळे पुसले होते आणि आता तिचा आवाज असा होता की मी खुर्ची जरा मागे घेतली. "डॅरल गुरुवारी येऊन सगळं घर तपासून गेला. मी त्याला ये म्हटलं, आर्डिसबाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या, तो आला. तासाभराचं काम होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी. तुझ्या कानात बोळे होते. तू 'हं' म्हणालास."

"त्याने रंग टाकला नाही?"

"टाकीला कान लावला," आर्डिसबाई म्हणाल्या. "मग जेवून गेला. दोनदा घेतलं त्याने. एकदाही नको म्हणाला नाही." हे सांगताना त्यांना थोडा धक्का बसलेला दिसत होता, पण बरंही वाटलेलं दिसत होतं. त्यांनी फ्रिजवरचा माशाचा चुंबक उचलला आणि खालचा कागद माझ्यापुढे धरला. डॅरलच्या अक्षरात लिहिलं होतं, "टाकीचं रबरी झाकण बदला. बाकी सगळे पाइप उत्तम." त्याखाली लिहिलं होतं, "व्हर्लिनला कशालाही हात लावू देऊ नका."

आर्डिसबाई नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे तू मरत नाहीस."

"तसं दिसत नाही."

"मग मे महिन्यात आपण मुलीकडे जातोय."

ऑर्विननी खिडकीतून तळ्याकडे बघितलं. मग जनेलकडे. "घर तुझंच आहे पोरी," ते म्हणाले. "शब्द दिला होता. मधे जरा घाबरलो."

जनेल म्हणाली, "तळं बघायला येत जा कधीही."

"नको, नको."

"या हो."

"कशाला उगीच तुम्हाला त्रास."

"ऑर्विन, या. खरंच या."

"बरं," ऑर्विन म्हणाले. "अगदी थोडा वेळ." आणि ते चष्मा पुसत बसले.

मी गिरमिट परत देऊ केलं. रीतीप्रमाणे ते पहिल्यांदा "राहू दे" म्हणाले, दुसऱ्यांदाही "दिलं ते दिलं" म्हणाले, पण तिसऱ्यांदा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं होतं.

शुक्रवारी कागद झाले. मेमध्ये ट्वेट शहरात गेले. निघताना ऑर्विननी गाडी परत वळवून आणली आणि गिरमिट माझ्या हातात दिलं. शहरात पाचव्या मजल्यावर त्याचं काही काम नव्हतं. मी तीन वेळा नको म्हणालो, त्यांनी चार वेळा आग्रह केला. असं गिरमिट गावात दुसरं नाही. पाती अशी की लोण्यात सुरी जावी तसं बर्फात भोक पडतं. स्वयंपाकघरात पिवळा पडदा लागला. जनेल अजून सकाळी उठून आधी तिथे जाऊन नुसता श्वास घेते.

डॅरलने येऊन टाकीचं झाकण बदललं. चार मिनिटं लागली. मजुरी घेईना. "बहिणीचं घर आहे," म्हणाला. आता रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मी इकडेतिकडे बघितलं, दारामागे गिरमिट होतं. म्हणालो, "निदान हे तरी घेऊन जा."

"बरं," डॅरल म्हणाला, आणि ते खांद्यावर टाकून गेला.

ही मेमधली गोष्ट. गेल्या आठवड्यात तळं गोठलं. काल पहाटेपासून सगळा गाव बर्फावर होता आणि मी आमच्या सुंदर खिडकीत उभा राहून बघत होतो. दुपारी फोन वाजला. डॅरल होता.

"व्हर्लिन, माझे मासे धरून झाले. ते गिरमिट तुझं तुला परत आणून देऊ का?"

"नको रे," मी म्हणालो, "कशाला तुला त्रास."

"बरं," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.